शस्त्र, क्षार, अग्नी आणि ताक

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तापत्रयाचे वर्णन करताना आध्यात्मिक तापाखाली देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी दिली आहे. गोवर, देवी, नारू, खरूज अशा व्याधींच्या त्या दाटीत मूळव्याधही आहे. हा समास पदवीच्या वर्गात शिकविण्याचा प्रसंग आम्हां दोघांवरही आला आहे. आम्ही पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक. एक तलासरीच्या महाविद्यालयात, दुसरी डहाणूच्या. आजच्या मुलांना नारू ठाऊक नसतो, म्हणून तो रोग काय होता हे आम्ही सविस्तर सांगत असू. मूळव्याधीशी आलो की मात्र 'इत्यादी' म्हणून पुढच्या ओवीकडे वळत असू. गंमत अशी की दोघेही हे स्वतंत्रपणे करीत होतो आणि दोघांचीही कारणे खासगी होती.

लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. 'आम्ही' म्हणताना कधी दोघांचा, कधी एकाचाच अनुभव सांगावा लागेल. तेथे सोयीसाठी एकाला तलासरीकर आणि दुसरीला डहाणूकर म्हणू. आडनावे खरी नाहीत, दुखणे खरे आहे.

तलासरीकरांना प्रथम रक्त दिसले ते २०१६ च्या पावसाळ्यात. दुखले काहीच नाही. लालभडक थेंब, तेही शौचानंतर. त्यांनी ते पाण्याने घालविले आणि त्या दिवशी नेहमीप्रमाणे तीन तास शिकविले. शौचालयात वाचीत बसण्याची त्यांची जुनी सवय होती. दिवाळी अंकांतील निम्मे साहित्य तेथेच वाचून झाले, असे ते अभिमानाने सांगत. (पुढे २०२५ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी १२५ जणांची पाहणी करून लिहिले, की शौचालयात मोबाईल घेऊन बसणाऱ्यांत मूळव्याधीचा संभव ४६ टक्क्यांनी अधिक आढळला. दिवाळी अंकांची पाहणी कोणी केलेली नाही, पण बसण्याचा वेळ तोच.) पुढची अडीच वर्षे रक्त येई आणि जाई. आले की तिखट सोडायचे, गेले की सुकट पुन्हा सुरू. घरात कोणालाही त्यांनी हे सांगितले नाही.

ते उघडकीस आले भूकंपामुळे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराला धक्के बसू लागले होते. धुंदलवाडीच्या बाजूला त्यांचा जोर अधिक. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. पाड्यांवरची माणसे थंडीत तंबूंत झोपत होती. आमच्या वस्तीतही त्या रात्री सारे अंगणात आले. कोणी सतरंज्या आणल्या, कोणी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तलासरीकर चिकूच्या झाडाला टेकून उभे राहिले ते पहाटेपर्यंत. म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी तीनदा खुर्ची पुढे केली, त्यांनी तीनदा ती दुसऱ्या कोणाला दिली. लोकांना तो सौजन्याचा प्रकार वाटला. डहाणूकरांना वाटला नाही. पहाटे आत आल्यावर त्यांनी सरळ विचारले, "बसवत का नाही तुला?"

मग ते बोलले. फक्त रक्त राहिले नव्हते. आता काहीतरी बाहेर येत होते आणि बोटाने आत ढकलावे लागत होते.

मराठीत या बाहेर येणाऱ्या गोष्टीला 'मोड' किंवा 'कोंब' म्हणतात. मटकीला येतात तेच मोड. संस्कृत ग्रंथांतही अंकुर हाच शब्द आहे, म्हणजे प्रतिमा फार जुनी. गुजरातीत 'हरस' म्हणतात. तो 'अर्श'पासूनच आलेला दिसतो, आणि अर्श शब्दाची जुनी व्युत्पत्ती शत्रूसारखा छळणारा अशी देतात. तलासरी हे सीमेवरचे गाव. महामार्गाच्या कडेच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर' आणि 'हरस, मसा, भगंदर' अशा पाट्या दोन्ही लिप्यांत रंगविलेल्या असतात. 'बिना ऑपरेशन' हे शब्द दोन्ही भाषांत सर्वांत मोठ्या अक्षरांत. तलासरीकर अडीच वर्षे रोज त्या भिंतींवरून जात होते. ते म्हणतात, त्या पाट्या आपण इतक्या बारकाईने वाचल्या की रंगाऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुकाही आपल्याला पाठ झाल्या होत्या.

दुखणे एकदा घराबाहेर पडले की सल्ले घरात येतात. शस्त्रक्रिया करू नका, ती पुन्हा होते, असे निम्मे लोक म्हणाले. उरलेले म्हणाले, करूनच टाका, कटकट मिटते. पहिल्या बाजूला आयुर्वेद आणि दुसऱ्या बाजूला सर्जन अशी वाटणी सर्वांनी गृहीत धरली होती, आम्हीही. आमचा पेशा असा, की कोंडीत सापडलो म्हणजे ग्रंथ काढतो. डहाणूकरांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून सुश्रुतसंहितेची सटीप प्रत आणली आणि ती वाटणी तेथेच मोडली.

सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात अर्शावर चार उपाय सांगितले आहेत: भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र. हे चार पंथ नव्हेत. कोणत्या मोडाला कोणता उपाय, हे त्याने मोडाच्या रूपावरून ठरविले आहे. नुकते झालेले आणि अल्प लक्षणांचे असतील तर औषध. मऊ, पसरट, खोल, उंचावलेल्यांना क्षार. खरखरीत, घट्ट, जाड, कठीण असतील त्यांना डाग. आणि ज्यांचे मूळ बारीक, जे उंच आणि ओलसर असतात त्यांना शस्त्र. रोग्याची श्रद्धा कोणत्या वैद्यकावर आहे, याचा तेथे उल्लेख नाही. आजचे सर्जन अंतर्गत मूळव्याधीच्या ज्या चार पायऱ्या सांगतात त्यांचे तत्त्वही हेच आहे. नुसते रक्त येते ती पहिली. मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी. हाताने ढकलावा लागतो ती तिसरी. ढकलूनही जात नाही ती चौथी.

त्या अध्यायातील तपशील आम्ही मोठ्याने वाचले आणि बऱ्याच दिवसांनी घरात हसू ऐकू आले. तपासणीचे यंत्र गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांब. रोग्याला दुसऱ्या माणसाच्या मांडीवर टेकवून, कंबर उंच करून, तो भाग सूर्याकडे येईल असे निजवायचे. दिवस निरभ्र हवा. क्षार लावल्यावर यंत्राचे तोंड हाताने झाकून शंभर अक्षरे उच्चारण्याइतका वेळ थांबायचे. मोडाचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला की काम झाले. भाषेच्या शिक्षकांना याहून आपलेपणाचे घड्याळ कोठे मिळणार? शंभर अक्षरे म्हणजे किती, हे आम्ही एक अभंग म्हणून मोजूनही पाहिले. जांभळाचा रंग समजून घ्यायला डहाणूत कोणाकडे जावे लागत नाही.

चरकाचा कल मात्र वेगळा. शस्त्र, क्षार आणि दाह यांची तो नोंद घेतो, पण ही कामे तज्ज्ञाची आहेत असे बजावून काय काय बिघडू शकते ते सांगतो: सूज, वेदना, अतिरक्तस्राव, पुन्हा उगवणे, आणि मरणदेखील. स्वतः तो औषधाकडे वळतो आणि त्यातही ताकाकडे. वातकफाच्या अर्शावर ताकापरते औषध नाही, इतके स्पष्ट त्याचे मत आहे. बाजारात मिळणाऱ्या सुरणाचे एक संस्कृत नावच 'अर्शोघ्न', आणि ते अमरकोशातही नोंदलेले आहे. आमच्याकडे त्या महिन्यात सुरण आणि ताक इतके झाले, की धाकट्या मुलाने शाळेच्या निबंधात 'माझी आवडती भाजी' या विषयाखाली सूड उगवला.

ताकाने नुकसान झाले नाही. पोट साफ राहू लागले, कुंथणे कमी झाले, रक्तही काही दिवस थांबले. पण बाहेर येणारे बाहेर येतच राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वर्गवारीप्रमाणेही तलासरीकर भेषजाच्या पायरीवरून खाली उतरले होते, आणि ते त्यांचे त्यांनीच, 'इत्यादी' म्हणत म्हणत केले होते.

शस्त्रवैद्यांकडे जाण्याचे आमचे दोन प्रयत्न झाले. पहिला फसला. एका मोठ्या शहरातील, भरपूर जाहिरात करणाऱ्या रुग्णालयात आम्ही गेलो. तेथे तपासणीच्या आधीच एका सुहास्य मुलीने लेझरचे पॅकेज समजावून दिले: सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, टाके नाहीत, वेदना नाहीत, शुल्क हप्त्यांनी. तारीखही सुचविली. अजून कोणी पाहिलेलेच नाही, असे डहाणूकर म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मूळव्याधच आहे ना?" लेझर वाईट आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. सुरुवातीच्या दिवसांत वेदना कमी होतात हे खरे आहे. मात्र वर्षानुवर्षांनी काय होते याचा पुरावा जुन्या पद्धतींइतका जमा झालेला नाही. आम्हांला खटकले ते एवढेच, की भिंतीवरची पाटी आणि ही काचेची खोली या दोहोंनाही रोग न पाहताच उत्तर ठाऊक होते.

दुसरे सर्जन वलसाडला भेटले. डहाणूहून उत्तरेकडची गाडी धरली की हा प्रवास मुंबईपेक्षा सोपा पडतो. आमच्या भागातील पुष्कळ लोक उपचारांसाठी वापी-वलसाड-सिल्व्हासाकडेच जातात. हे गृहस्थ कमी बोलणारे, गुजराती वळणाचे मराठी. तलासरीकरांनी अडीच वर्षांचा इतिहास सांगून विचारले, "ऑपरेशन करावे की नको?" ते म्हणाले, "तो दुसरा प्रश्न. पहिला, रक्त येते कुठून?" चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रक्त पडते, तेव्हा ते मूळव्याधीचेच आहे असे धरून चालणे हीच सर्वांत मोठी चूक, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रक्तही पुष्कळदा मूळव्याधीच्या नावाखाली महिनोन्‌महिने खपून जाते. दुर्बिणीने आतडे पाहायचे ठरले. त्या तपासणीच्या आदल्या रात्री, जुलाबाचे औषध पीत असताना, तलासरीकरांना आपण अडीच वर्षे काय लपवीत होतो याची पहिली खरी भीती वाटली. आतडे स्वच्छ निघाले. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, दिव्याच्या झोतात पडले असताना त्यांना सुश्रुताचा सूर्य आठवत होता म्हणे.

मोड तीन होते: दोन तिसऱ्या पायरीचे, एक दुसऱ्या. सर्जनांनी रबरी कडीचे बंधन आधी करून पाहावे असे सुचविले. गुदमार्गात एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या भागाला वेदनेची जाणीव फारशी नसते, खालच्या भागाला अतिशय असते. अंतर्गत मोड रेषेच्या वर असतो, म्हणून त्याच्या बुडाशी बारीकशी रबरी कडी बसविली तर भूल द्यावी लागत नाही. रक्तपुरवठा तुटून मोड आठवड्याभरात सुकून गळतो. कल्पना जुनीच, दोऱ्याने मूळ आवळण्याची. आजच्या रूपात ती १९६३ साली बॅरन या अमेरिकन सर्जनांनी रूढ केली. सर्जनांनी आणखी एक गोष्ट आपणहून सांगितली, जी पॅकेजवाल्या मुलीने सांगितली नव्हती: हे परत होऊ शकते. इंग्लंडमध्ये कडीचे बंधन आणि रोहिणी बांधण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. तीत वर्षभरात त्रास परतल्याचे प्रमाण बंधनात ४९ टक्के आणि शस्त्रक्रियेत ३० टक्के होते. बंधन मात्र दहा मिनिटांत होते आणि पुन्हा करता येते, असे त्यांनी लगेच जोडले.

मार्च आणि एप्रिल २०१९ मध्ये दोन बैठकांत कड्या बसविल्या. दोन दिवस जडपणा, सतत शौचाला जावेसे वाटणे, सहाव्या दिवशी थोडे रक्त. तलासरीकर तिसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासायला बसले. खरोखर बसले. पुढे वर्षभर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

या वर्षातच तलासरीकरांच्या एका विद्यार्थिनीचे वडील तिच्या दाखल्यासाठी महाविद्यालयात आले होते. आमच्या भागातील पुष्कळ आदिवासी पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळी बंदी उठली की जे जातात ते उन्हाळ्याशिवाय परतत नाहीत. ते गृहस्थ त्यांपैकीच. खुर्ची दाखविली, तेव्हा ते म्हणाले, "बसता येत नाही, सर. मूळव्याध आहे." खोलीत चार प्राध्यापक होते, मुलगी शेजारी उभी होती. इतक्या सरळ वाक्यासाठी तलासरीकरांना एक भूकंप लागला होता.

ब्रिटिश वसाहतीच्या काळात युगांडात काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७२ साली असे मत मांडले, की कोंडासह धान्य खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी समाजांत मूळव्याध विरळा. ती चाळलेल्या पिठाच्या, शहरी खाण्याची देणगी. चोथ्याचे महत्त्व जगाला पटविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्याचीच एक विपरीत आवृत्ती आमच्याकडच्या सुशिक्षितांच्या तोंडी असते: 'या लोकांना कसली मूळव्याध होतेय.' बोटीवर महिनोन्‌महिने भात आणि मासळी, पाणी मोजके, शौचाला बसायचे तर बोटीच्या कडेला, हलत्या फळीवर. आणि दिवसभर जाळे ओढताना पोटावर येणारा जोर. मूळव्याध व्हायला आणखी काय हवे?

त्यांची निवड आमच्यासारखी झाली नव्हती. एका सर्जनांनी त्यांना शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि तीनचार आठवडे जड काम बंद. हंगाम चार दिवसांवर होता, आगाऊ रक्कम घरात खर्च झालेली होती. तेव्हा त्यांनी बाजाराच्या दिवशी एका तंबूतल्या 'डॉक्टर'कडून इंजेक्शन घेतले. बिना ऑपरेशन. मोडात औषध टोचून तो सुकविणे ही मान्य उपचारपद्धती आहे, एकोणिसाव्या शतकापासूनची. पण औषध कोणते, किती आणि रेषेच्या कोणत्या बाजूला, यावर सारे अवलंबून. त्यांना काय टोचले ते कोणालाच कळले नाही. मांस सडले, ताप आला, जखम भरली तेव्हा मार्ग आकसला. शौचाला बसले की आता रक्ताऐवजी नुसती कळ. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हंगाम साधला होता, एवढेच ते म्हणाले.

नंतर टाळेबंदी आली. तलासरीकर दिवसाचे सहा तास खुर्चीत बसून पडद्यावरच्या काळ्या चौकटींना शिकवू लागले आणि मोड परतले. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य आणि शालाक्य तंत्रांच्या पदव्युत्तर आयुर्वेद विद्यार्थ्यांना मिळून ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याची अधिसूचना निघाली. त्यांत मूळव्याधीची शस्त्रक्रियाही होती. ११ डिसेंबरला अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. आमच्या व्हॉट्सअॅप समूहावर दोन तट पडले. जे आयुर्वेदाच्या बाजूने भांडत होते तेच कालपर्यंत 'आयुर्वेद म्हणजे चिरफाड नाही' म्हणत होते. जे विरोधात होते त्यांना क्षारसूत्राविषयी काही ठाऊक नव्हते. बनारस विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकापासून ही जुनी पद्धत पुन्हा उभी केली, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत भगंदरावर ती टिकली: जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आठवडे, पण दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी. भगंदरावर, हे अधोरेखित करायला हवे. भिंतीवरच्या पाट्यांनी मूळव्याध आणि भगंदर एका स्वल्पविरामाने असे जोडून टाकले आहेत, की एकाचे औषध दुसऱ्याला लावायला कोणालाच काही वाटत नाही.

मे २०२२ च्या सुटीत शस्त्रक्रिया करायची ठरली. आता एक मोड चौथ्या पायरीला टेकला होता. पुन्हा कडी लावून उपयोग नाही, असे वलसाडच्या त्याच सर्जनांचे मत पडले. यंत्राने टाचण्याची नवी पद्धत की मोड कापून काढण्याची जुनी, असा पर्याय होता. ब्रिटनमधील ७७७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष, तेही २०१६ चेच, असे होते की टाचण्याच्या पद्धतीत पहिले काही आठवडे वेदना कमी, पण दोन वर्षांनी पाहिले तर जुन्या पद्धतीच्या लोकांची स्थिती बरी आणि दुखणे परतण्याचे प्रमाणही कमी. तलासरीकरांनी जुनी निवडली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली तिची पद्धत प्रसिद्ध केली. मोड काढून जखमा न शिवता उघड्याच ठेवायच्या, आतून भरून येऊ द्यायच्या.

वेदनेविषयी सर्जनांनी लपविले नव्हते, तरी ती शब्दांत आधी समजत नाही. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या शौचाला तलासरीकर दाराची कडी धरून ओरडले. शेजारी ऐकू गेले. ते म्हणतात, काचेचे तुकडे हा उपमेचा प्रकार आपण वर्गात घिसापिटा म्हणून लाल शाईने खोडीत आलो, त्याबद्दल विद्यार्थ्यांची माफी मागायला हवी. पहिला आठवडा तसा गेला. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसणे, पातळ औषध, वेदनाशामक गोळ्या, ओल पुसणारे कापड. दुसऱ्या आठवड्यात पायऱ्या चढता आल्या. सहा आठवड्यांनी जखमा भरल्या.

या टबाच्या काळातच दुसरे एक उघडकीस आले. पाणी किती गरम हवे हे डहाणूकर कोपर बुडवून पाहत आणि नेमके ठरवीत. मीठ टाकू नकोस, नुसते पाणी पुरते, म्हणत. किती मिनिटे बसायचे, उठल्यावर चोळू नको, टिपून घे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तलासरीकरांनी विचारले, "तुला हे सगळे कसे ठाऊक?"

त्या थोडा वेळ टब धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या बाळंतपणापासून."

२००९ साली, सातव्या महिन्यात. गरोदरपणी हे अतिशय सामान्य आहे. गर्भाचा भार, संथ झालेले पोट, शिरांवरचा दाब. तपासणीसाठी त्या डॉक्टरीणबाईंकडे दर महिन्याला जात होत्याच. पहिल्यांदा रक्त दिसले त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना सांगितले. पहिली पायरी. इसबगोल, भरपूर पाणी, टब, कुंथायचे नाही. बाळंतपणानंतर चार महिन्यांत थांबले. त्यानंतर प्रवासात किंवा परीक्षेच्या दिवसांत कधीमधी डोके वर काढते, आठ दिवसांच्या पथ्याने बसते. सुरण-ताकाचा आग्रह त्यांनी धरला तो ग्रंथ वाचून नव्हे.

डॉक्टरीणबाईंना सांगितले, नवऱ्याला तेरा वर्षे नाही. का, यावर आम्ही दोघांनी या लेखाच्या निमित्ताने बराच वाद घातला आणि तो मिटलेला नाही. डहाणूकरांचे म्हणणे असे की बाळंतपणात शरीराचे काहीच आपले खासगी उरत नाही. सासू, नणंद, शेजारणी सारे पाहतात, विचारतात. एवढे एक दुखणे आपले स्वतःचे होते. तलासरीकरांना हे पटत नाही. त्यांना वाटते, २०१६ साली घरात हा शब्द आधीच बोलला गेलेला असता, तर कडीवरच भागले असते. डहाणूकर विचारतात, मग तू तरी का बोलला नाहीस? तेथे वाद दरवेळी थांबतो. एका घरात एकाच व्याधीची दोन उत्तरे निघाली, एक शस्त्राचे आणि एक ताकाचे. दोन्ही बरोबर होती असे आता सर्जनही म्हणतात.

खलाशी गृहस्थांविषयी राहिले. आकसलेला मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात सिल्व्हासाच्या सरकारी रुग्णालयात करून घेतली. त्यांच्या मुलीने सुटी धरून बरोबर राहून सारे केले. ती आता बी.ए. झाली आहे आणि त्यांच्या पाड्यावर ज्याला त्याला 'आधी दाखवा' म्हणून सांगत असते. या वर्षीही बंदी उठल्यावर ते बोटीवर गेले. जाण्यापूर्वी मुलगी महाविद्यालयात आली होती. बोटीवर इसबगोल ओलाव्याने खराब होते, ते कशात भरून द्यावे, असे विचारीत होती. आम्ही घट्ट झाकणाची बरणी सुचविली. ती म्हणाली, बरणी दिली आहे, पण त्यावर बोटीतली बाकीची माणसे चहापत्ती समजून हात मारतात.